जुलैतली संक्रांत

मोरेश्वर चांदोरकरांना मी फार थोडं ओळखत होतो. त्यांचं गाव सातारा की साताऱ्याजवळचं एखादं खेडं, हेही मला नक्की माहीत नाही. त्यांना भावंडं किती, कशाची भीती वाटायची, एकटे असताना ते काय करायचे, यातलं मी कधी काही विचारलं नाही. वर्षातून एकदा, जुलै महिन्यात, रुआपेहू नावाच्या बर्फाच्या डोंगराच्या उतारावरच्या एका कॅफेत आम्ही दोघं एका टेबलाशी बसायचो, एवढीच आमची ओळख. एरवी आमच्या रोटोटुना वस्तीतल्या रस्त्यावर दिसले तर मी मान हलवायचो आणि ते हात हलवायचे.

तरी लिहायला बसलो, त्याला कारण त्यांची शोकसभा. कम्युनिटी हॉलमध्ये समोर त्यांचा मोठा फोटो लावला होता. हेल्मेटवर भगवा फेटा, डोळ्यांवर काळा गॉगल, हातात भाल्यासारख्या उभ्या धरलेल्या दोन स्की आणि मागे पांढराशुभ्र डोंगर. एकेक जण उठून बोलत होता. कोणी त्यांना बर्फाचा राजा म्हटलं. एका बाईंनी तर ‘निष्णात’ हा शब्द वापरला. मी मागच्या रांगेत बसून फोटोकडे बघत होतो. तो मीच काढलेला होता. मूळ फोटोत त्यांच्या डाव्या हाताला कॅफेचा कचऱ्याचा डबा आहे. तो कोणीतरी कापून टाकला होता.

मी उठून बोललो नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि लिहितानाही आपण चुकतोय असंच वाटत राहतं. पण निष्णात म्हणजे जरा फारच झालं.

चांदोरकर कधीही स्की करत नव्हते. त्यांना येतच नव्हती. इतके हिवाळे मी त्यांच्यासमोर बसलो, तेव्हा हे मला खात्रीने सांगता येतं.

ते आयुष्यभर ऑकलंडजवळ पुकेकोहेला कांद्याबटाट्याच्या शीतगृहात कामाला होते. निवृत्तीनंतर हॅमिल्टनला येऊन रोटोटुनात घर घेतलं आणि आल्या आल्या इथल्या मराठी मंडळात शिरले. शीतगृहात नोकरी केली म्हणून थंडी हा आपलाच विषय आहे, अशी त्यांची समजूत होती. “थंडी काय असते ते मला विचारा,” असं ते न विचारता सांगायचे. ‘बर्फसंक्रांत’ ही त्यांचीच कल्पना. इथे दक्षिण गोलार्धात हिवाळा जूनजुलैत येतो. सूर्यही जूनच्या अखेरीला मागे वळतो. मग संक्रांत जानेवारीच्या उन्हात, जॅन्डल्स म्हणजे रबरी चपला घालून कशाला करायची? ती जुलैत करायची, आणि बर्फात करायची. मंडळाच्या सभेत त्यांनी हे असं मांडलं, की जणू सूर्याचं वळणं त्यांच्याच सूचनेवरून ठरलं होतं. मला म्हणावंसं वाटलं, मग दिवाळीही एप्रिलमध्ये करा. पण म्हटलं नाही. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून दर जुलैत गाड्यांची रांग ओहाकुनेला जायची. गाजरं पिकवणाऱ्या त्या डोंगरपायथ्याच्या गावाच्या वेशीवर एक घराएवढं गाजर उभं केलेलं आहे. त्याच्यासमोर सगळे फोटो काढायचे. लॉजवर सामान उतरायचं आणि सकाळी चाकांना साखळ्या चढवलेल्या गाड्यांनी डोंगरावर. पुढचा दिवस कसा जायचा ते काय सांगू? बायका थर्मलवर काळ्या साड्या नेसायच्या, त्यावर जाकीट चढवायच्या आणि पायात भाड्याचे बूट. लहान मुलांच्या स्नोसूटवर हलव्याचे दागिने. वाण म्हणून लोकरीचे हातमोजे लुटायचे. थंडीने तिळाच्या वड्या अशा व्हायच्या की एका वर्षी माझ्या मुलाची, अनिरुद्धची, दाढ तुटली. तो फार्मासिस्ट आहे, म्हणून स्वतःच्याच दुकानातल्या गोळ्या घेऊन गप्प बसला. लिफ्टवरच्या गोऱ्या पोरांना चांदोरकर तीच वडी द्यायचे आणि ती बिचारी ‘कूल’ म्हणून खिशात टाकायची.

बर्फाच्या खेळांबद्दल माझं मत तसं कोणी विचारलेलं नाही. खुर्चीत बसून वर जायचं, घसरत खाली यायचं आणि पुन्हा वर जाण्यासाठी रांगेत उभं राहायचं. कोणी दोन पट्ट्यांवर घसरतो, कोणी एका फळीवर, लहान मुलं प्लॅस्टिकच्या ताटात बसून. सगळे खाली येऊन त्याच कॅफेत तेच बटाट्याचे चिप्स खातात, आणि जे बूट घालून धड जिन्याची पायरी चढता येत नाही ते बूट आपटत अस्वलासारखे फिरतात. शहाणीसुरती माणसं, दवाखान्यात लोकांच्या नाड्या बघणारी माणसं, तिथे गेली की एकमेकांना विचारतात, “आज बर्फ कसाय?” मला बर्फ पांढरा दिसतो.

या सगळ्यात चांदोरकर सर्वांत पुढे. आदल्या संध्याकाळी लॉजच्या स्वयंपाकघरात ते नवख्यांचा वर्ग घ्यायचे. पायात मोजे घालून फरशीवर उभे राहायचे, गुडघे वाकवायचे आणि सांगायचे, “वेग कमी करायचा असेल तर स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब. काय आकार झाला? घडीच्या पोळीचा. गोरे याला पिझ्झा म्हणतात. आपण पोळी म्हणायचं. घाबरलात की काय करायचं?” मग सगळी मुलं ओरडायची, “पोळी!” दुसऱ्या दिवशी उतारावर जिकडेतिकडे “पोळी कर, पोळी!” असा आरडाओरडा. हे सगळं ते कुठल्यातरी व्हिडिओत बघून आले होते. डोंगरावर गेल्यावर मात्र ते रांगेत उभे राहून स्की भाड्याने घ्यायचे, बूट चढवायचे, हेल्मेटवर साताऱ्याहून आणलेला फेटा बांधायचे आणि कॅफेच्या लाकडी डेकवर येऊन मला माझा फोन काढायला सांगायचे.

“काशिनाथराव, डोंगर येऊ द्या मागे.”

“बरं.”

“जरा खालून. माणूस उंच दिसतो.”

फोटो झाला की स्की भिंतीला टेकवायच्या आणि माझ्यासमोर येऊन बसायचं. बॅगा सांभाळायला म्हातारी माणसं लागतातच. मग संध्याकाळपर्यंत त्यांचं समालोचन. काचेतून उताराकडे बघत, “हा पडणार. बघा. पडला,” किंवा “आज पावडर आहे, भुसभुशीत ताजा बर्फ, वरच्या उतारावर जायला हवं होतं.” जायला हवं होतं, पण उठायचे नाहीत. मी कधी ‘मग जा की’ म्हटलं नाही. मनात मात्र दरवर्षी म्हणायचो, आणि मला त्यात थोडा आनंदही मिळायचा.

त्यांची बायको शकुताई मंडळासाठी तिळाच्या वड्या करायच्या. त्या नवऱ्याला चांगल्या ओळखून होत्या. “यांना बर्फ फक्त फ्रीजमधला कळतो,” असं त्या एकदा सर्वांसमोर म्हणाल्या. चांदोरकर सर्वांत मोठ्याने हसले, म्हणजे तो विनोद ठरला.

मागच्या जुलैत त्यांची नात पहिल्यांदाच संक्रांतीला आली. सानिका, अकरा-बारा वर्षांची. चांदोरकरांची मुलगी नीलांबरी ऑकलंडकडे मनुरेवाला राहते, नर्स आहे. तिला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मुलीला बसमध्ये बसवून दिलं. पोरीला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीत. मी इथे तिचं बोलणं मराठीत लिहितोय एवढंच.

सकाळी कॅफेत पोहोचलो तर ती स्वतःची स्की घेऊन तयार. भाड्याची नव्हे, स्वतःची. ऑकलंडच्या उत्तरेला एका मोठ्या इमारतीत छपराखाली बर्फ पाडतात, तिथे ती शाळेकडून शिकली होती आणि शाळेच्या चमूतही होती. ती आजोबांच्या बाहीला धरून म्हणाली, “चल, वरून एकदा एकत्र येऊ. तू प्रॉमिस केलं होतंस.”

चांदोरकर म्हणाले, “येऊ की. आधी कॉफी पिऊ.”

कॉफी झाली. मग ते म्हणाले, आधी फोटो. फोटो झाला. मग बूट चावतोय म्हणाले. मग म्हणाले, “तू एक फेरी मारून ये, मी इथून तुझी स्टाइल बघतो.” ती गेली आणि काचेपलीकडे वरून अशी नागमोडी, सहज खाली आली की माझ्यासारख्यालाही कळलं, हिला येतं. चांदोरकरांनी या वेळी समालोचन केलं नाही. फेट्याचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

मला मजा वाटत होती, हे मी लपवत नाही. इतकी वर्षं मी फुकटचं ऐकत आलो होतो. आज हिशेब लागणार होता.

ते शौचालयाकडे गेले तेव्हा शकुताई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या मांडीवर वड्यांचा डबा होता.

“भावोजी, तुम्हाला हसू येतंय.”

“नाही, नाही.”

“येऊ द्या. मलाही येतं. पण दर रविवारी फोन असतो या पोरीचा. मी विचारलं, शाळा कशी आहे, तर गुड. जेवलीस का, तर ‘या’, म्हणजे हो. मग हे फोन घेतात आणि बर्फाचं सुरू होतं. कुठला उतार, कुठली स्की. अर्धा अर्धा तास बोलते हो ती. यांचं ऐकूनच शिकायला गेली. आता हे उघडं पडलं, तर रविवारी बोलायचं काय उरेल दोघांकडे?”

 मला एवढंच वाटलं, की खोटं न बोलताही नातवंडांशी बोलता येत असेल. माझी नातवंडं माझ्याशी ‘गुड’ आणि ‘या’ एवढंच बोलतात, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही.

चांदोरकर परत येऊन बसले. आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, “काशिनाथराव, ती आली की सांगा, मागच्या वर्षी माझा गुडघा दुखावला. तुमच्यासमोर दुखावला.”

“माझ्यासमोर?”

“वरच्या उतारावर. तुम्ही पाहिलंत.”

“मी वरच्या उतारावर कधी गेलो?”

“अहो, खालून पाहिलंत!”

तेवढ्यात सानिका आलीच, गाल लाल, श्वास फुललेला. आजोबांकडे न बघता ती थेट माझ्याकडे वळली. “काशिनाथ आजोबा, आजोबा चांगलं स्की करतो ना?”

चांदोरकर माझ्याकडे बघत होते. मला खोटंही बोलता येईना आणि खरंही. मी म्हणालो, “फोटो मी काढलेत.”

“बघू?”

मी माझा फोन दिला. त्यात सगळी वर्षं होती. ती एकेक फोटो बोटाने सरकवत गेली. आधी भराभर, मग हळू. एका ठिकाणी थांबून तिने फोटो मोठा केला, पुन्हा मागे गेली, पुन्हा पुढे. मग म्हणाली, “प्रत्येक फोटोत तोच कचऱ्याचा डबा आहे.”

ती आणखी दोन फोटो पुढे गेली.

“आणि स्कीवर बर्फ नाही. एकदाही नाही.”

शकुताईंनी डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. चांदोरकरांचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला, कारण गॉगल वर सरकवलेला होता. म्हातारा माणूस होता. पण बोलले काय? “मी पुसून ठेवतो. भाड्याची वस्तू आहे.”

मला शरम वाटली. पकडला गेल्यावर तरी माणसाने गप्प बसावं.

सानिकाने फोन माझ्यासमोर ठेवला. मला वाटलं, आता ही उठून जाईल. ती उठलीही. मग तिने भिंतीला टेकवलेल्या त्यांच्या स्की उचलल्या, आपल्या खांद्यावर घेतल्या आणि म्हणाली, “चल आजोबा. वर नको. पट्टा.”

नवशिक्यांच्या उतारावर एक सरकता पट्टा आहे. विमानतळावर बॅगा येतात तसा, फक्त त्यावर माणसं उभी राहतात. चांदोरकर उठले. का उठले कोण जाणे. बसून राहण्याचा त्यांना इतका सराव होता. मी फोन घेऊन डेकच्या कठड्याशी गेलो. सांगितलं नसताना गेलो.

पुढचं सगळं पाहण्यासारखं होतं. पट्ट्यावर त्यांच्यापुढे अडीच-तीन फूट उंचीची पोरं शांतपणे उभी, आणि मध्ये हे फेटा बांधलेलं प्रकरण, दोन्ही हात पसरून. वरच्या टोकाला उतरायच्या जागी ते जे आडवे झाले, ते पट्टाच थांबवावा लागला. मागची सगळी रांग थांबली. फेटा सुटला आणि उतारावरून लांबच लांब भगवा पट्टा उलगडत खाली आला. एक स्नोबोर्डवाला त्यात अडकता अडकता वाचला. पट्ट्यावरचा पोरगा धावत आला, त्याने आणि सानिकाने धरून त्यांना उभं केलं. आमच्या मंडळातली माणसं इकडून हाका मारत होती, “मोरूभाऊ, काय झालं? आज फॉर्म नाही का?” कोणालाही संशय आला नव्हता. निष्णात माणूस पडतो तेव्हा लोकांना ते बर्फाचं काम वाटतं.

त्याच उतारावर एक शिक्षिका अगदी लहान मुलांना शिकवत होती. मुलाच्या कमरेला पट्टा आणि त्याच्या दोन दोऱ्या मागे तिच्या हातात, बैलाच्या कासऱ्यासारख्या. सानिकाने तिकडे पाहिलं. मग ती सर्रकन खाली आली, फेटा गोळा केला, पुन्हा वर गेली. आजोबांच्या कमरेला तिने तो फेटा बांधला, दोन टोकं मागे घेतली आणि मुठींना गुंडाळली.

ते निघाले. गुडघे एकमेकांवर आपटत, पार्श्वभाग मागे, हात पुढे, अंधारात भिंत शोधावी तसे. आणि मागून त्या पोरीचा आवाज, सगळ्या उतारावर ऐकू जाईल असा, स्वच्छ मराठीत:

“पोळी कर, आजोबा! पोळी! अजून मोठी! घाबरू नको, मी धरलंय!”

मी त्या मुलीच्या तोंडून मराठी त्याआधी ऐकली नव्हती. मी फोटो काढला.

ते खाली पोहोचले, आणि उभे पोहोचले. मंडळाच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांदोरकर धापा टाकत डेकजवळ आले, मान वर केली आणि मला म्हणाले, “पाहिलंत, काशिनाथराव? पोरीला तयार करून ठेवलीय. डोंगरात माणूस जखमी झाला तर असाच फेट्याने खाली आणतात. म्हणून तर मी फेटा बांधतो.”

मी सानिकाकडे बघितलं. आता तरी ती बोलेल. तिने हेल्मेट काढलं, केस मागे केले, आजोबांकडे पाहिलं आणि मला म्हणाली, “पोळी मला त्यानेच शिकवली. फोनवर.” मग त्यांना म्हणाली, “अजून एकदा?”

ते पुन्हा गेले, आणि त्यानंतर पुन्हा. मी दुपारभर बॅगा एकटाच सांभाळल्या. समोरच्या खुर्चीवर त्यांचा गॉगल पडलेला होता. चिप्स मागवले तर ते एका माणसाला फार झाले.

संध्याकाळी लॉजवर चांदोरकरांनी पुन्हा एक वर्ग घेतला. या वेळी विषय होता, फेट्याने बचाव. सानिकाला पुढे उभं करून त्यांनी प्रात्यक्षिक दाखवलं. तिच्या कमरेला फेटा बांधून तिला फरशीवरून ओढलं, आणि मोज्यांमुळे स्वतःच घसरून फ्रीजवर आदळले. मुलं खदाखदा हसली. सानिका सर्वांत जास्त हसली. मला त्या माणसाबद्दल आदर वाटला असं मी म्हणणार नाही, कारण वाटला नाही. खोटं पकडलं गेलं तरी त्यांना त्यातून नवं खोटं सापडत होतं. फक्त आता त्यात ती पोरही सामील होती, आणि तिला सगळं माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. मला त्यात जागा नव्हती.

ऑक्टोबरमध्ये चांदोरकर गेले. घरीच, दुपारच्या झोपेत. शोकसभेला जुना फोटो मंडळाने निवडला. माझ्याकडे दुसराही आहे, हे मंडळात कोणाला ठाऊक नव्हतं. सानिका पहिल्या रांगेत आजीशेजारी बसली होती. लोक निष्णात वगैरे म्हणत होते तेव्हा तिने एकदाच मागे वळून पाहिलं. तिची माझी नजरानजर झाली. मी मान हलवली. तिने हात हलवला.

त्याआधी, सप्टेंबरमध्ये, कोपऱ्यावरच्या डेअरीत ते भेटले होते. मी दुधाच्या फ्रीजशी उभा होतो. ते हातात पाव घेऊन मागून आले.

“काय काशिनाथराव! तुम्ही त्या दिवशी उतारावरचा फोटो काढलात म्हणे. शकु सांगत होती.”

“काढला एक.”

“त्यात माझे पाय आलेत का? पायात स्की दिसतेय का?”

“दिसतेय.”

“मागे सानिका?”

“ती पण आहे.”

“मग पाठवा की! दोन महिने झाले.”

“अनिरुद्ध पाठवेल. मला जमत नाही ते.”

“सावकाश. घाई नाही.” ते फ्रीजमध्ये डोकावले. “निळ्या झाकणाचं संपलंय वाटतं. हिरवं घ्या.”

“हिरवं पाणचट असतं.”

“चहाला चालतं हो,” ते म्हणाले.

“बरं,” मी म्हणालो.